वास खोलीतलाच आहे

या अंकाचे संपादक आमच्याच गल्लीतले. ते म्हणाले, "काका, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. लोकांना जरा हसू येईल असं काही." आता गमतींना काय तोटा! आयुष्यभर मी लोकांच्या खिडक्यांना लटकून कूलर बसवले आणि लोकांच्या घरात नाक खुपसलं. हे नाक खुपसणं म्हणीतलं नाही, खरोखरचं. कूलरवाल्याचं निम्मं काम पान्ह्यानं होतं आणि निम्मं नाकानं. तर एक-दोन गमती सांगतो. पण त्यानंतर जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं काही नाही. ते आजवर मी घरात बायकोलाही सांगितलेलं नाही. संपादकांना नको असेल तर त्यांनी खुशाल कापावं, पण मग माझ्या गमतीही छापू नयेत.

हा अंक पुण्याकडेही जातो म्हणतात, म्हणून आधी कूलर म्हणजे काय ते सांगतो. वऱ्हाडातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. पत्र्याची एक पेटी. तिच्या तीन बाजूंना जाळी, जाळीत लाकडाच्या पातळ कातरणांचं गवत भरलेलं. त्या भरलेल्या जाळीला आम्ही ताटी म्हणतो. तळाशी पाण्याची टाकी. छोटा पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून झिरपत खाली येतं, आणि पंखा बाहेरची लू, म्हणजे उन्हाळ्यातली तापलेली हवा, त्या ओल्या गवतातून ओढून गार करून खोलीत फेकतो. यात सांभाळायच्या दोनच गोष्टी. पहिली म्हणजे पेटी पाणसळीत बसली पाहिजे. पेटी एका अंगाला कलली की सगळं पाणी एकाच ताटीवर उतरतं, दुसरी कोरडी राहते आणि कोरड्या ताटीतून लू सरळ आत. म्हणून माझ्या पिशवीत सुताराची पाणसळ कायम असायची. काचेतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येईपर्यंत मी पाचरी ठोकत राहायचो. "याच्या कूलरवर पाण्याचा पेला ठेवा, थेंब सांडणार नाही," असं गावात म्हणायचे, आणि मी ते ऐकून मिशीला पीळ द्यायचो.

दुसरी गोष्ट वास. नव्या गवताला ओल्या लाकडाचा गोडसर वास असतो. आठवड्यानं त्यात शेवाळ येतं. टाकीतलं पाणी बदललं नाही तर जुन्या विहिरीसारखा वास येतो. आणि गवत आतून कुजलं की जो कुबट वास सुटतो, ओल्या गोणपाटात काहीतरी बांधून कोपऱ्यात विसरल्यासारखा, तो एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. मी दारातून सांगायचो की ताटी उजवीकडची गेली आहे की डावीकडची.

हे सगळं सत्तरच्या दशकातलं. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. मी अकोल्याला मोटारींचं वाइंडिंग शिकलो आणि वाशीमला परत येऊन दुकान टाकलं. होळी पेटली की आमचा हंगाम सुरू, मृग लागला की संपला.

आमचे एक वकीलसाहेब होते. त्यांना कूलरचा वास सोसवायचा नाही म्हणून त्यांनी टाकीत केवड्याचं पाणी ओतलं, वर चव म्हणून थोडं गुलाबाचं सरबतही. दोन दिवस ऑफिस लग्नघरासारखं दरवळलं. तिसऱ्या दिवशी गांधीलमाश्यांनी ताटीवर मुक्काम ठोकला. पक्षकार जबानी अर्धवट सोडून पळाला, आणि वकीलसाहेब मला म्हणतात, "तुमच्या कूलरनं माझी केस बुडवली."

दुसरी गोष्ट केनवडच्या लग्नातली. वरपक्षाच्या उतरण्याच्या खोलीत माझे दोन कूलर होते. नवरदेवाच्या मामानं आरडाओरडा सुरू केला, "कूलर सडेल हाय, वास येऊन राह्यला, आमचा अपमान केला!" मुलीचा बाप हात जोडून उभा. मी गेलो, डोळे मिटले आणि नाकाच्या मागं मागं खोलीभर फिरलो. मामाच्याच ट्रंकेमागं ओल्या धोतराचा बोळा निघाला, दोन दिवसांचा. तो काठीवर धरून मी मोठ्यानं म्हणालो, "मामा, वास कूलरचा नाही. वास खोलीतलाच आहे!" सारा मांडव हसला. मुलीच्या बापानं मला पंक्तीत स्वतः वाढलं.

ते वाक्य त्या दिवसापासून माझ्या तोंडात बसलं. वास खोलीतलाच आहे. मग कुठंही तक्रार आली, आणि मला पेटी खाली उतरवायचा कंटाळा आला, की मी हे वाक्य टाकून मोकळा व्हायचो. लोकही गप्प बसायचे. आपल्या घराला वास आहे, हे ऐकल्यावर कोण वाद घालणार?

आता मूळ गोष्ट.

आणीबाणीच्या वर्षातला उन्हाळा होता. वाशीमजवळचं आमचं मालेगाव, नाशिककडचं नव्हे, तिथले एक कापडाचे व्यापारी, जिनदासशेठ, दुकानात आले. जैन माणूस, बोलणं मऊ, पण घाईत होते. त्यांच्या आईला दम्याचा त्रास होता आणि डॉक्टरांनी त्यांना उन्हाळ्यात गार खोलीत ठेवायला सांगितलं होतं.

मी म्हणालो, "मंग कूलर बसवू. त्यात काय!"

"माय कूलर बसू देत नाही ना," जिनदासशेठ म्हणाले. "कूलरमंदी पाणी साचते. साचल्या पाण्यात जीव पडतात. थे जीव पंख्यानं मरतात. माय म्हणते, माह्या एकटीच्या गारव्यासाठी कायले एवढी हत्या?"

म्हणून शेठजींनी नागपूरला एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावात जुनी खिडकीतली एसी घेतली होती. ती मालट्रकवर मालेगावला येऊन पडली होती आणि ती बसवणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. त्यांनी मला विचारलं, "तुमाले येते ना?"

खरं सांगतो, एसी मी तोवर फक्त बाहेरून पाहिली होती. अकोल्यात एका बँकेच्या खिडकीत होती, तिच्याखाली उभा राहून मी थेंब झेलले होते. पण "नाही येत" म्हणायची सवय नव्हती. मी म्हणालो, "कूलरचीच मोठी बहीण ते. येते की!"

मालेगावला गेलो. आजी खोलीत पाटावर बसून धान्य निवडत होत्या. सत्तरीच्या, पांढरं लुगडं, बारीक अंग आणि डोळे मात्र लखलखीत. घरात त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांच्या व्रतांचं आणि नेमांचं अख्ख्या मालेगावला कौतुक. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, गाळणं झालं की फडक्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत हळूच सोडायचे. सूर्य मावळला की अन्न बंद. आणि नवरा गेला त्या वर्षी त्यांनी एक नेम घेतला होता, दिवसाला अंघोळीला एकच कळशी पाणी. एक थेंब जास्त नाही. इतकी वर्षं त्यांनी तो मोडला नव्हता. हे मला त्यांच्या सूनबाईंनी, सुलोचनावैनींनी, चहा देताना सांगितलं. सांगताना त्यांचाही ऊर भरून आला होता.

मशीन पाहून आजींनी मला विचारलं, "याच्यात पाणी साचत नाही ना रे बाप्पा?"

"नाही आजी. हे विजेवर गार होते. याच्यात पाणी टाकाचंच नसते."

"पक्कं सांगतं?"

"पक्कं."

पाणी टाकायचं नसतं, हे खरं होतं. पण मशीन हवेतला दमटपणा शोषून स्वतःच पाणी तयार करते, ते आतल्या एका थाळीत उतरतं आणि मागच्या बाजूनं बाहेर ठिबकतं. मी बँकेच्या खिडकीखाली झेललेले थेंब तेच तर होते! पण ते पाणी बाहेर जावं म्हणून मशीन मागच्या अंगाला बोटभर कललेली बसवावी लागते, हे मला माहीत नव्हतं. मी माझ्या सवयीनं पाणसळ काढली. बुडबुडा मध्ये येईपर्यंत पाचरी ठोकल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझं तर अंगण नको तितकं सरळ होतं. शिवाय मशीनच्या भोवती खिडकीच्या चौकटीत जी फट उरली, त्यातून लू येऊ नये म्हणून पिशवीतलं उरलेलं कूलरचं गवत तिथं ठासून भरलं आणि वरून लाकडी पट्टी ठोकली. काम इतकं साफ झालं की मी दोन पावलं मागं येऊन ते पाहत उभा राहिलो. आजी म्हणाल्या, "हात सोन्याचे हायेत तुहे."

वैशाखात हवा कोरडी ठक्क, म्हणून मशीनमध्ये पाणी जमलंच नाही. सगळे खूश. जिनदासशेठांनी माझं नाव चार लोकांना सांगितलं. मृग लागला, हवा दमट झाली, आणि आठ-पंधरा दिवसांत निरोप आला की मशीनमधून वास येतो.

एसटीनं गेलो. खोलीत शेठजी, वैनी आणि पलंगावर आजी. मशीन लावली. पहिला झोत तोंडावर आला आणि माझ्या नाकानं तिथल्या तिथं सांगितलं, कुजलेलं गवत. ते ठासलेलं गवत, खालून भिजलेलं. मी इथं कबूल करून टाकतो. मला कळलं नव्हतं असं नाही. शंका आली होती, आणि चांगली आली होती.

आजीच म्हणाल्या, "कूलरसारखा वास येऊन राह्यला रे. मी शिरपूरच्या धर्मशाळेत एकदा कूलरजवळ झोपली होती, तसाच."

त्यांचं नाकही बरोबर होतं. पण मी काय म्हणणार होतो? गवत भिजलं म्हणजे मशीनमध्ये पाणी आहे. पाणी आहे म्हणजे मी आजींना पक्कं सांगितलेलं खोटं आहे. आणि मशीन उतरवून उघडायची, तर मला उघडता येते कुठं? ती उघडली आणि परत जोडता आली नाही, तर मालेगावात माझ्या नावाचा काय बभ्रा झाला असता! झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पुढची जाळी काढल्यासारखं केलं, आत टॉर्च मारला, डॉक्टरसारखा हुंकार दिला आणि केनवडचं वाक्य काढलं.

"मशीन एकदम ठीक आहे शेठजी. ही मशीन बाहेरची हवा घेत नाही. खोलीतलीच हवा फिरवते. खोलीत जे असते तेच नाकाशी येते. वास खोलीतलाच आहे."

मग, का कोण जाणे, शहाणपणा दाखवायचा म्हणून, मी वर विचारलं, "या खोलीत कोण झोपते?"

मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच पडली नाही. वैनींची नजर क्षणभर पलंगाकडे गेली आणि लगेच खाली वळली. शेठजी बाहेर दुकानात कुणी हाक मारल्यासारखे निघून गेले. हाक कुणी मारली नव्हती.

आजींनी लुगड्याचा पदर नाकाजवळ नेला, हुंगला. मग माझ्याकडे पाहून सरळ विचारलं, "माह्या अंगाचा येते का रे? खरं सांग. एका कळशीत काय होते म्हणा, म्हातारं अंग."

मी 'नाही' म्हणालो असतो तरी पुरे होतं. एक शब्द. बाकी मशीनचं काहीही सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मी खाली वाकून पिशवीत पान्हे भरत राहिलो. पान्हे तीन होते, ते भरायला मी किती वेळ लावला! मग म्हणालो, "येतो आजी. एसटी चुकन."

परतीच्या गाडीत मी स्वतःची समजूत घातली. म्हातारी माणसं, असतोच थोडा वास. एवढं काय! दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यातून ते गेलंही होतं. हे मी अभिमानानं सांगत नाही.

श्रावणात पुन्हा निरोप आला, मशीन खडखड करते. आजी घरी नव्हत्या, जवळच्या शिरपूरच्या जैन मंदिरात गेल्या होत्या. शेठजी दुकानात. वैनींनी खोली उघडून दिली, आणि मी पाहिलं तर पलंग नव्हता.

"माय आता मागच्या पडवीत झोपतात," वैनी म्हणाल्या. "आमी नाही सांगतलं हो. खरंच नाही सांगतलं. त्याईनंच हलवला. तुमी गेले त्याच दिवशी त्याईनं दुसरी कळशी घेतली अंघोळीले. मंग सांजच्या पहिले तिसरी. नेम मोडला म्हणून मंग उपास केले, एक दिवसाआड. आमी म्हटलं, माय कायले करता? तर म्हणतात, नेम मोडला त्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागते, पण घरात वास नको. अर्ध्या झाल्या पाहा सुकून."

मी ऐकत होतो. वैनी दाराला टेकून सांगत होत्या, जणू माझ्याशी बोलल्यानं त्यांचं ओझं उतरणार होतं.

"लेकरायले मांडीवर घेत नाहीत. लेकरं जातात पळत, तर त्या म्हणतात, दूर बसा रे, गोष्ट दुरून सांगतो. आन मंदिरात... मंदिरात पहिले बायकांमंदी पुढं बसत. आता दाराशी बसतात, चपला काढतात तथी. बाकीच्या बाया विचारतात, तर म्हणतात, मले इथंच हवा लागते."

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मी एकटा राहिलो. खडखडीचं कारण शोधायला आता मशीन उतरवणं भागच होतं. मधल्या काळात अकोल्याच्या एका मेकॅनिककडे चार दिवस बसून मी उघडायचं शिकून आलो होतो, म्हणजे तेवढी लाज उरली होती. बाजूची पट्टी काढली, आणि गवताचा काळा, बुळबुळीत लगदा माझ्या हातावर पडला. वास असा आला की मीच तोंड फिरवलं, ज्याचं आयुष्य त्या वासात गेलं तो. मशीन पुढं ओढली. थाळी काठोकाठ भरलेली. पाण्यावर धुळीची साय, आणि सायीखाली डासांचे वळवळते जीव, शेकडो. आजींच्या उशाशी, आजी ज्यांना एका थेंबातून फडक्यानं वाचवत होत्या, ते. पंख्याच्या पात्यांनाही ते चिकटलेले होते.

मी काय केलं ते सांगतो. दार लोटून घेतलं. गवत गोणीत भरलं. थाळीतलं पाणी मागच्या नालीत ओतलं, वर दोन बादल्या टाकल्या. फटीत कापडाच्या चिंध्या भरल्या. पाणसळ पिशवीतून काढलीच नाही, मशीन मागं बोटभर कलवून बसवली. खडखड थाळीतल्याच पाण्याची होती, तीही गेली. तासाभरात खोलीला नुसता ओल्या भिंतीचा वास उरला, तोही उडाला.

आणि हे सगळं करताना मी मनात एक वकील उभा केला होता. तो सांगत होता, अरे, आजींना हे सांगितलं तर त्या काय करतील? एवढ्या जीवांची हत्या त्यांच्या उशाशी झाली, हे कळलं तर उपास कुठवर नेतील? न सांगणंच बरं. त्यांच्याच भल्याचं आहे. वकील चांगला बोलत होता. पण "वास मशीनचा होता, चूक माझी होती", एवढंच सांगायला जीवांची गोष्ट कशाला काढायला हवी होती, हे त्याला मी विचारलं नाही. तो माझाच वकील होता ना.

वैनी आल्या. त्यांनी हवा हुंगली आणि त्यांचा चेहरा उजळला. "वास गेला व माय! पलंग हलवला तरी खोलीत मुरूनच राह्यला होता. पाहा ना, मायच्या दोन-तीन अंघोळीनंच गेला वाटते. बिचाऱ्याईनं केलं त्याचं चीज झालं."

मी म्हणालो, "हं."

गोणी सोबत घेऊन निघालो आणि मालेगावच्या बाहेर नाल्यात टाकली.

त्या वर्षी गणपती बुडाले, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. पितृपक्ष लागला होता, धंद्याची मंदी, मी दुकानात एक पंखा उघडून बसलो होतो. बाहेर पायरीशी कुणीतरी उभं राहिलं. पाहतो तर आजी. एकट्या. हातात कापडी पिशवी. मालेगावहून एसटीनं, उन्हातून, दम लागलेला. वैनी म्हणाल्या होत्या त्याहून जास्त सुकलेल्या.

मी उठलो. "आजी! तुमी कायले आल्या? मी आलो असतो. आत या, बसा. पाणी देऊ?" म्हणून झाल्यावर आठवलं की माझ्या घरचं पाणी त्या पिणार नाहीत.

त्या आत आल्या नाहीत. रस्त्यावर, पायरीच्या खाली, चार हात लांब उभ्या राहिल्या.

"आत या ना."

"नाही रे बाप्पा. तुह्या दुकानात गिऱ्हाईक येतात. तुले वास येईन."

मला तिथं बोलायचं होतं. देवाशपथ सांगतो, शब्द ओठांपर्यंत आले होते.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. आमच्या भागातल्या जैन लोकांचा हा दिवस असतो, वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं त्याची त्याची माफी मागायचा. मोठा लहान बघायचा नाही, मालक नोकर बघायचा नाही. माझ्या ओळखीचे दुकानदारही त्या दिवशी रस्त्यात हात जोडत, आणि आम्ही हसून "असू द्या शेठजी" म्हणत असू.

"उत्तम क्षमा," आजी म्हणाल्या. "तुह्या मशीनले म्या खोटं नाव ठेवलं. कूलरसारखा वास येते म्हटलं, सगळ्याईच्या समोर. तुहा हात एवढा साफ, आन म्या दोष तुह्या कामाले लावला. वास माह्याच अंगाचा होता. सहा वर्षांच्या लेकरापासून त्या सुनेपर्यंत सगळ्याईले तरास झाला, थो माह्यामुळंच. बाकीच्याईची माफी घरी मागतली. तुहीच राह्यली होती. क्षमा कर बाप्पा."

दुपारची वेळ, रस्त्यावर शुकशुकाट. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येत होता. माझं नाक हे असं. मी चार हातांवरून हुंगलं, आणि त्यांच्या अंगाला वास होता तो धुतलेल्या सुती लुगड्याचा, उन्हाचा आणि देवळातल्या चंदनाचा. बाकी काही नाही. कधीच काही नव्हतं.

माफी कुणी मागायची होती! आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असू द्या आजी. माफ केलं."

त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला ते पाहवेना. "लय मोठं मन हाय तुहं," त्या म्हणाल्या, पिशवी उचलली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या. रस्त्याच्या कडेनं, माणसांपासून थोडं लांब राहून.

मी ठरवलं होतं की थंडीत जाऊन सांगायचं. मग ठरवलं, संक्रांतीनंतर. संक्रांतीनंतर शेठजींचं कार्ड आलं. आजी माघात गेल्या. भेटायला गेलो तेव्हा वैनी रडत म्हणाल्या, "शेवटच्या दिवशीही लेकराईले जवळ नाही येऊ देल्लं. दुरूनच हात हलवला." मी तेव्हाही सांत्वन केलं आणि परत आलो. तिथं, त्या घरात, शेवटच्या वेळी बोलायची संधी होती, आणि मी चहा पिऊन परत आलो.

त्यानंतर पुष्कळ मशीनी बसवल्या. हाताखालच्या माणसांना एकच गोष्ट बजावून सांगायचो, वास आला की आधी आपलं काम उघडा, मग माणसाकडे बघा. त्यांना वाटायचं काका धंद्याचं सांगतात.

संपादकांनी गमती मागितल्या होत्या. त्या वर दिल्या आहेत. पण हा अंक मालेगावला जातो, मी चौकशी केली आहे, आणि जिनदासशेठांच्या दुकानाच्या गल्लीतही तो येतो म्हणतात. शेठजी आता नाहीत. सुलोचनावैनी असतील, आजींच्या मांडीवर बसायला न मिळालेली ती लेकरं तर नक्कीच असतील, आता स्वतःच आजी-आजोबा झालेली.

वैनी, तो वास सासूबाईंचा नव्हता. मशीन मी पाणसळीत बसवली होती, आणि गवतही माझंच होतं.